पूर्वेला वस्ती नाही

भिवाकाका आला तेव्हा सुमती मौळे एका राक्षसाच्या दातांमधली धूळ मऊ ब्रशने काढत बसली होती. पळसोंडीच्या मुखवटा संग्रहालयात असे राक्षस, देव, वाघ, माकडं मिळून तीनशे अकरा नग होते आणि गेली सोळा वर्षं त्यांची देखभाल तिच्याकडे होती. कागदोपत्री तिचं पद चांगलं लांबलचक होतं, पण गावात तिला सगळे मुखवटेवाली म्हणत आणि तिला ते आवडायचं.

काका सहसा इकडे फिरकायचा नाही. त्याचा करंजपाडा संग्रहालयाच्या कुंपणाच्या पूर्वेला जेमतेम दीडशे पावलांवर, पण भिंतीला टांगलेली सोंगं आपल्याला बघवत नाहीत, असं त्याचं म्हणणं. आज मात्र तो आला होता आणि त्याच्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बघ जरा, बाय," म्हणत त्याने गोधडी टेबलावर उलगडली.

आत त्राटिका होती. चैत्रात पाड्यावर बोहाडा उभा राहतो, घराघरातून देवांची नि राक्षसांची सोंगं निघतात, संबळावर नाचतात. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा. त्राटिका मौळ्यांची. बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी, ऊन कोवळं असतानाच ती निघते, आणि मौळ्यांखेरीज दुसऱ्या कुणी तो मुखवटा तोंडाला बांधायचा नाही.

मुखवटा हातात आला की आधी ठोकून ऐकायचा, ही सुमतीच्या आज्याची शिकवण. तिने बोटाच्या पेराने त्राटिकेच्या कपाळावर टकटक केलं. पांगाऱ्याचं निरोगी लाकूड लगेच उत्तर देतं. हे बोललंच नाही. तिने गालावर अंगठा टेकवला आणि तो पहिल्या पेरापर्यंत आत गेला. वरचा लाल रंग तेवढा शाबूत होता, आत नुसती माती आणि भोकं.

"कधीपासून, काका?"

"मागच्या पावसाळ्यात भिंतीवर मातीच्या रेघा दिसल्या. खरवडल्या, तर परत आल्या. आधी कणगी खाल्ली, मग कुडाची भिंत. हिला आढ्याला टांगली होती, तिथवर जातील असं वाटलं नव्हतं." काका स्टुलावर टेकला. "वाळवी आम्हाला नवी नाही. तिची नि आमची जुनी ओळख. पण ही अशी कधी आली नव्हती. कुणी पाठीमागं लागल्यासारखी आली."

"आणि बाकीच्या घरांत?"

"सगळीकडं तेच आहे. पण सोंग गेलं ते आपलंच."

आज सोमवार होता. त्राटिकेची सकाळ रविवारी. नवा मुखवटा करायचा तर पांगारा कापून वर्षभर सावलीत सुकवावा लागतो. आणि ज्या साली सोंग निघालं नाही, त्या साली मान दुसऱ्या घराकडे जातो. त्यात कुणाची गय नाही. मौळ्यांकडेही तो तसाच आला होता, तीन पिढ्यांपूर्वी.

काका गेल्यावर सुमतीने ब्रश बाजूला ठेवला. कुणी पाठीमागं लागल्यासारखी, असं तो म्हणाला होता. पाठीमागे कोण लागलं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिच्या डोक्यावरच्या तुळईला चिकटलेलं होतं.

त्याचं नाव हाकारा. बंद्या रुपयाएवढ्या धातूच्या चकत्या, संग्रहालयाच्या खांबांना, तुळयांना आणि कुंपणालगत जमिनीत गाडलेल्या खुंट्यांना लावलेल्या. मुखवट्यांना त्यांचा स्पर्शही नाही. हेच तर त्याचं कौतुक होतं.

आता वाळवीचं कसं असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाळवी आंधळी. तिचा सगळा कारभार स्पर्शावर, वासावर आणि थरथरीवर चालतो. धोका आला की त्यांच्यातले शिपाई बोगद्याच्या भिंतीवर डोकं आपटतात, सेकंदाला दहा-बारा वेळा. ती थरथर इतरांना पायांतून कळते. सहा पायांपैकी कुठल्या पायाला ती आधी पोचली, एवढ्यावरून त्यांना दिशा उमगते. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाही फरक नसतो तो, पण त्यांना पुरतो. इशारा पुढे पुढे जातो आणि सगळी फौज उलट दिशेला पळत सुटते.

वीस वर्षांपूर्वी लोकांनी हा ठोका नुसता वाजवून पाहिला होता. वाळवी चार दिवस पळाली आणि पाचव्या दिवशी परत कुरतडायला बसली, कारण तोच तोच ठोका तिच्या सवयीचा झाला. हाकाऱ्याने ती खोड मोडली. तो आधी ऐकतो. प्रत्येक वसाहतीच्या शिपायांची लय जराशी वेगळी असते, ती शिकतो, आणि मग त्यांच्याच लयीत, दर वेळी थोडा फरक करून, एका बाजूने धोक्याची हाळी देतो. विषारी धूर नाही, की लाकूड तडकवणारी उष्णता नाही. पूर्वी एकदा धुरी दिली तेव्हा साठ-सत्तर मुखवट्यांचा तांबडा रंग काळवंडला होता. हाकाऱ्याने एकाही मुखवट्याचा टवका उडाला नाही. सहा महिन्यांत संग्रहालयातली वाळवी शून्यावर आली आणि २०४३ साल उजाडेपर्यंत पळसोंडीचं नाव राज्यभर झालं.

फक्त एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. वाळवी मरत नव्हती, दुसरीकडे राहायला जात होती.

आणि कुठे जायचं ते यंत्राला आधी सांगावं लागायचं. त्यासाठी एक फॉर्म होता. चारही दिशांना दोनशे मीटरच्या आतल्या नोंदणीकृत इमारती लिहा. पश्चिमेला बाजारपेठ होती. दक्षिणेला सरकारी विश्रामगृह. उत्तरेला, रानाच्या वाटेवर, संग्रहालयाच्या एका विश्वस्तांची लाकडी कॉटेजेस. पूर्वेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वस्ती नाही'. कारण करंजपाड्याच्या तेवीस घरांपैकी एकाचीही कुठे नोंद नव्हती. म्हणून हाकाऱ्याने वाळवी पूर्वेला हाकली.

फॉर्म भरला होता सुमतीने. खाली सही तिची होती. त्या दिवशी घाई होती, संचालक दारात उभे होते, आणि नोंदवहीत जे नाही ते लिहायचं नाही अशी तिची सोळा वर्षांची सवय. ज्या घरात ती जन्मली ते घर तिने स्वतःच्या हाताने नाही म्हणून लिहिलं होतं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले.

मंगळवारी कंपनीची इंजिनिअर नेत्रा आली. गुरुवारी राज्याची समिती पाहणीला येणार होती. हाकारा सगळ्या संग्रहालयांत लावायचा की नाही ते समिती ठरवणार, म्हणून नेत्रा यंत्र तपासायला आली होती. पोरगी हुशार आणि सरळ होती, तिला आडवळणाने बोलता यायचं नाही.

"इथून पळालेली वाळवी नेमकी कुठे गेली?" सुमतीने विचारलं.

"पूर्वेच्या खुंट्यांपर्यंत दिसते. त्यापुढे आमचे कान नाहीत."

"एक कान उचलून माझ्याबरोबर चल."

भिवाकाकाच्या घरी नेत्राने सुटी चकती कुडाच्या भिंतीला टेकवली, दुसरी जमिनीत खोचली आणि ओट्यावर टॅब्लेटचा पडदा मांडीवर घेऊन बसली. काकूने चहा ठेवला. पंधरा मिनिटं गेली. मग नेत्राने पडदा सुमतीकडे वळवला. वसाहत क्रमांक दोन. संग्रहालयाच्या दक्षिण दालनात नोंदलेली. जुळणी शहाण्णव टक्के.

काकाला वाचता येत नव्हतं, पण तोंडं वाचता येत होती.

"तुमचीच ना?" तो म्हणाला.

"आमचीच, काका."

काकाने मान हलवली. "माझा आजा शिकारीच्या हाक्याला जायचा. राजेलोक मचाणावर, आणि आपले लोक ढोल बडवत रानातनं जनावर उठवणार. पण हाका लावायच्या आधी दोन माणसं पुढं पाठवायचे, समोर कुणाची पोरं-गुरं नाहीत ना ते बघायला. तुम्ही कुणाला पाठवलं होतं?"

नेत्रा खाली बघून म्हणाली, "आम्ही फॉर्म बघितला होता, काका."

"फॉर्म मी भरला होता," सुमती म्हणाली. हे सांगायलाच हवं होतं. "पूर्वेला वस्ती नाही, असं मीच लिहिलं."

काका ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुझं घर कुठं आहे ते तुला आठवलं नाही?" एवढंच विचारून तो उठला आणि पाहुणीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

दुपारी सुमती संचालकांच्या खोलीत गेली. गिरीश उपासनी हा काही वाईट माणूस नव्हता. धुरीने काळवंडलेला तांबडा रंग पाहून त्यांनी एकदा सगळ्यांदेखत डोळे पुसले होते, ते सुमतीने पाहिलेलं होतं. म्हणूनच तिला वाटलं की ते ऐकतील.

"शहाण्णव टक्के म्हणजे शंभर नव्हे," उपासनी म्हणाले. "आणि वाळवी काय फक्त आपल्याकडे होती? जंगल आहे इथं."

"सर, तीच वसाहत आहे. यंत्र खोटं बोलत असेल तर मग गुरुवारी समितीला काय दाखवणार आहात?"

उपासनींनी चष्मा काढला. "सुमतीबाई, परवा तुम्हाला नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही करायची आहे. तोच फॉर्म आहे, तीच उत्तरं. त्या सहीवर दोनशे संग्रहालयांचे मुखवटे, पोथ्या, पालख्या वाचणार आहेत. पाड्याला नुकसानभरपाईचं आपण नंतर बघू. मला मुखवटे वाचवायचे आहेत."

"मलाही वाचवायचे आहेत. पाड्यावरचेसुद्धा."

"ते काही संग्रहातले नाहीत."

ती उठली आणि तडक भांडारात गेली. तिसऱ्या फडताळात, पिशवीत, नग क्रमांक १७३. त्राटिका, पांगारा, अंदाजे साठ वर्षं. आज्याच्या हातची. पाड्याची रीतच होती, की सोंग नाचून थकलं की नवं करायचं आणि जुनं रानाकडेच्या वारुळावर ठेवून यायचं. ही त्राटिका आज्याने अशीच डोक्यावर घेतलेली असताना वाटेत संग्रहालयाचे संस्थापक भेटले आणि मागून घेऊन गेले. आजा म्हणाला होता, न्या, वाळवीला काय, दुसरं देऊ.

सुमतीने तिच्या कपाळावर टकटक केलं. खणखणीत उत्तर आलं. तेव्हा तिला काय करायचं ते कळलं, आणि एकदा कळल्यावर भीती बरीच ओसरली.

गुरुवारी समितीची तीन माणसं आली. अध्यक्ष एक साठीच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. चकत्या बघून झाल्या, आलेख बघून झाले, उपासनींचं भाषण झालं. मग फॉर्म सुमतीसमोर आला. पूर्वेचा रकाना आधीच टाईप केलेला होता. तिने त्यावर एक सरळ रेघ मारली आणि लिहायला लागली.

"काय चाललंय?" उपासनी हलक्या आवाजात म्हणाले.

"रकाना भरतेय, सर." आणि ती मोठ्याने वाचतच लिहायला लागली. "भिवा मौळे, कुडाचं घर, कणगी खाल्ली, मुखवटा खाल्ला. चैत्या वारघडे, कुडाचं घर, आढं खाल्लं. लक्ष्मी झोले, भिंत खाल्ली, पोरीची पुस्तकं खाल्ली." रकान्यात जागा संपली तेव्हा तिने कागद उलटा केला आणि मागे लिहिलं. तेवीस घरं व्हायला बराच वेळ लागला. मधे कुणीही तिला थांबवलं नाही.

"ही घरं नोंदणीकृत आहेत का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाहीत. माणसं राहतात त्यात. वाळवीने नोंदणी विचारली नाही."

मग तिने शहाण्णव टक्क्यांचा कागद पुढे सरकवला. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, की मग काय, पुन्हा धुरी द्यायची? सुमती याच प्रश्नाची वाट बघत होती.

"हाकाऱ्याचे कान ठेवा आणि ढोल बंद करा," ती म्हणाली. "वाळवी कुठल्या खांबात शिरली ते तो पहिल्या दिवशी सांगतो. तेवढा खांब आपण उघडू, मातीच्या रेघा मोडू, इमारतीच्या लाकडाला औषध लावू. मुखवट्यात शिरली तर तो पिशवीत घालून आतला प्राणवायू काढून घ्यायचा, तीन आठवडे. रंगाला काही होत नाही, मी करून पाहिलंय. काम जास्त आहे. माणसं लागतील. पाड्यावरच्या बायका भिंत ठोकून वाळवी ओळखतात, त्यांना घ्या. आणि चार कान पाड्यावरही लावा."

"आणि तोवर वाळवी इथं परत आली तर?" उपासनींचा आवाज चढला होता. "तीनशे अकरा मुखवटे आहेत बाई. जबाबदारी कोण घेणार?"

"मी घेणार. सोळा वर्षं कुणाची होती?"

नेत्रा कोपऱ्यात उभी होती. अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, की असं करता येतं का. "येतं," नेत्रा म्हणाली. "आत्ता करते. कंपनी मला काढून टाकेल बहुतेक." तिने पडद्यावर दोनदा बोट टेकवलं. तुळईवरचा बारीक हिरवा दिवा पिवळा झाला. पाड्याकडे जाणारा हाका थांबला होता. समितीने निर्णय राखून ठेवला आणि ती चहा न घेताच गाडीत बसली.

शुक्रवारी सकाळी सुमतीने आज्याच्या त्राटिकेच्या आतून सुती कापडाची जाड घडी बसवली, कडा तपासल्या, फोटो काढले. देखभालीसाठी कोणताही नग सात दिवसांपर्यंत बाहेर नेण्याचा अधिकार तिला होता, तिच्या एकटीच्या सहीने. तिने नगांची नोंदवही उघडली. नग १७३. बाहेर नेण्याचं कारण. इथे 'देखभाल' लिहिलं असतं तर कुणी हुं की चूं केलं नसतं. तिने लिहिलं, 'नाचायला'. परत आणण्याची तारीख, सोमवार.

उपासनी दारात आडवे आले. "ही चोरी आहे."

"नोंद करून, तारीख घालून कुणी चोरी करतं का, सर?"

"मी नोटीस काढीन. नोकरी जाईल तुमची."

"काढा," सुमती म्हणाली. "पण आधी बाजूला व्हा. हिला ऊन लागायला नको." त्यांनी एकदा तिच्या हातातल्या मुखवट्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाले.

रविवारी सकाळी संबळ कडाडला, पिपाणी चढली आणि मौळ्यांच्या दारातून त्राटिका निघाली. बहात्तर वर्षांचा भिवाकाका आत होता. पहिल्या चार पावलांत त्याचा तोल जरा गेला, कारण आज्याची त्राटिका त्याच्या नेहमीच्या त्राटिकेपेक्षा चांगलीच वजनदार होती. मग त्याला तिचं वजन कळलं आणि तो जो सुटला, तो अंगणं ओलांडत, पोरांवर धावून जात, बायकांच्या शिव्या खात, पार कुंपणापर्यंत. कुंपणाला हात लावून संग्रहालयाच्या दिशेने त्राटिकेने अशी डरकाळी फोडली की पाडा हसून लोळला. सुमतीही हसली, आणि हसता हसता रडली. पलीकडे खिडकीत कुणीतरी उभं होतं. चष्म्यावर ऊन चमकलं, म्हणून कोण ते तिला कळलं.

नाच संपल्यावर काकाने मुखवटा उतरवून तिच्या हातात दिला. तो आतून गरम होता. त्याचं काम झालं होतं, मान मौळ्यांकडेच राहिला होता. मग काकाने ती खाल्लेली त्राटिका काखेत घेतली आणि दोघं रानाच्या कडेला, वारुळापाशी गेली. काकाने ती नीट उताणी ठेवली. "उरलेली सावकाश खा," तो वारुळाला म्हणाला. "कुणी मागं लागलेलं नाही आता." परत येताना त्याने सुमतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो तिथेच राहू दिला.

सोमवारी सुमती संग्रहालयात परतली तेव्हा तिच्या मागे अर्धा पाडा होता. टेबलावर नोटीस पडलेली होती. तिने ती बाजूला सरकवली, त्राटिकेला मऊ कापडावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत बोटाच्या पेराने ठोकलं. उत्तर आलं. लक्ष्मी झोलेने कान पुढे करून ऐकलं आणि होकाराची मान हलवली. उपासनी खोलीच्या दारात उभे होते.

सुमतीने नोंदवही ओढली. नग १७३, परत. तारीख घातली. शेवटचा रकाना स्थितीचा होता. तिने भिंग घेऊन मुखवटा आतून-बाहेरून पाहिला, घाई न करता, आणि लिहिलं:

'लाकूड निरोगी. रंग शाबूत. आतून डाव्या कानाशी घामाचा डाग, नवा. पुसू नये.'